ट्विस्टर पडद्यावर, वीज शिवारात

माझं मराठी कॉन्व्हेंटचं, सांभाळून घ्या! परवा हॉस्टेलवर आम्ही ‘ट्विस्टर’ (१९९६) पाहिला. एकजण म्हणाला, “अशी वावटळ लातूरलाही येते.” चूक! आपली वावटळ तापलेल्या जमिनीवरून उठते, वर ढग लागत नाही. टॉर्नेडो मात्र गडगडाटी ढगाला जोडलेला असतो.

तसे ढग नांदेड-लातूरवरही येतात, पण इथे जीव घेते ती वीज. भारतात दरवर्षी २,००० हून जास्त माणसं वीज पडून दगावतात. माझे काका पाऊस आला की बैल घेऊन लिंबाखाली थांबतात. झाडावर पडलेली वीज मुळाशी जमिनीत पसरते आणि दोन पावलांतला व्होल्टेजही मारतो. हाच ‘स्टेप व्होल्टेज’ आपण अर्थिंगमध्ये मार्कांसाठी पाठ करतो!

काकांना सांगितलं, तर म्हणाले, “मग रानात जाऊ कुठं?” प्रश्न खरा आहे. उत्तर एकच: पहिल्या गडगडाटालाच पक्कं घर गाठायचं. पुण्याच्या आयआयटीएमचं ‘दामिनी’ अ‍ॅप इशारा देतं, पण काकांकडे साधा फोन. मग अ‍ॅप आपण बघायचं आणि फोन त्यांना करायचा. पेपरात लिहिलेलं घरी नाही सांगितलं, तर कसले आपण इंजिनिअर?