प्रायोजकांचे फलक आणि गावाकडची मैदाने

चेन्नईत दोन दशके भरणारी एटीपी टेनिस स्पर्धा जानेवारी २०१८मध्ये पुण्याच्या बालेवाडी क्रीडासंकुलात आली, तेव्हा महाराष्ट्राला अभिमान वाटणे स्वाभाविक होते. पुरुषांच्या जागतिक एटीपी मालिकेतील ती भारतातील एकमेव स्पर्धा. ‘टाटा ओपन महाराष्ट्र’ हे तिचे नाव. २०२२मध्ये रोहन बोपण्णा व रामकुमार रामनाथन यांनी तेथे दुहेरीचे विजेतेपद पटकावले. मात्र जानेवारी २०२३नंतर ती पुण्यात झालेली नाही. पाच वेळा सोहळा झाला. मागे काय उरले, हा प्रश्न विचारलाच पाहिजे.

अशा स्पर्धेत प्रायोजक नेमके काय विकत घेतो? स्पर्धेच्या नावाआधी आपले नाव, मैदानाच्या कडेचे फलक आणि निमंत्रितांसाठी राखीव कक्ष. प्रेक्षक मोजके, पण सधन, उद्योगव्यवसायात निर्णय घेणारे. हा सरळ व्यवहार आहे आणि त्यात वावगे काही नाही. क्रीडासंस्थांना पैसा लागतो, तो आकाशातून पडत नाही.

परंतु पैसा कोणाचा, हे पाहावेच लागते. हीच स्पर्धा चेन्नईत सुरुवातीची काही वर्षे ‘गोल्ड फ्लेक’ या सिगारेटच्या नावाने भरत असे. खेळाडूच्या दमदार छातीआड धुराचा व्यापार! २००३च्या तंबाखूविरोधी कायद्याने अशा प्रायोजकत्वाला बंदी घातली. पुढे २०२५मध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर कायद्याने बंदी येताच भारतीय क्रिकेट संघाच्या गणवेशावरून ‘ड्रीम ११’चे नाव उतरले. दोन्ही वेळा कायद्याला पुढे यावे लागले. संघटकांचा विवेक आधी का जागला नाही?

दुसरा मुद्दा अधिक मोलाचा आहे. कंपनी कायदा २०१३नुसार ठराविक मर्यादेपलीकडील कंपन्यांना गेल्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे दोन टक्के सामाजिक कार्यासाठी खर्चावे लागतात. ग्रामीण तसेच ऑलिम्पिक खेळांचे प्रशिक्षण त्यात स्पष्टपणे समाविष्ट आहे. उलट, आपल्या मालाच्या प्रसिद्धीसाठी दिलेले प्रायोजकत्व या खर्चात धरता येत नाही, असे २०२१च्या नियमांनी बजावले आहे. जाहिरात आणि दायित्व यांतील भेद कायद्यानेच असा स्वच्छ केला आहे.

आता नागपूरलगतच्या हिंगण्याकडे पाहू. येथील औद्योगिक वसाहतीत महिंद्राच्या ट्रॅक्टरपासून लहानमोठ्या सुट्या भागांपर्यंत कितीतरी उत्पादने तयार होतात. या वसाहतीच्या आसपासच्या गावांत शाळा आहेत, चपळ मुले-मुली आहेत. टेनिसची रॅकेट, चेंडू, सिमेंटचे मैदान आणि मुख्य म्हणजे नियमित येणारा प्रशिक्षक, हा खर्च सामान्य पालकाला झेपणारा नाही. एखाद्या मोठ्या कारखान्याला मात्र तो जड नाही. त्यासाठी ग्रामपंचायत, शाळा आणि क्रीडासंघटना यांनी एकत्र बसून किमान पाच वर्षांचा प्रस्ताव घेऊन उद्योजकांच्या दारी जावयास हवे. नुसती वर्गणी मागून हे साधणार नाही.

विम्बल्डनच्या शिलकीचा बहुतांश भाग ब्रिटनच्या टेनिस संघटनेकडे खेळाच्या वाढीसाठी जातो. आपल्याकडेही मोठ्या स्पर्धेच्या करारातच तळातील प्रशिक्षणाचा वाटा लिहून घेतला पाहिजे. स्पर्धा उद्या दुसऱ्या देशात जाईल, फलक उतरतील. पण गावात एकदा रुजलेला खेळ कोणी उचलून नेऊ शकत नाही.