वेबिनारला ५०० जणांनी नाव नोंदवलं, पण शेवटपर्यंत थांबले किती?

एप्रिल २०२० मध्ये झूम कंपनीने एक आकडा जाहीर केला आणि त्याची जगभर बातमी झाली: रोजचे ३० कोटी युजर्स! काही दिवसांतच कंपनीला हा शब्द बदलावा लागला. ते ३० कोटी 'युजर्स' नव्हते, मीटिंगमधले 'सहभागी' होते. म्हणजे एकच माणूस दिवसात पाच मीटिंगला गेला असेल, तर तो पाच वेळा मोजला गेला होता.

आज हे आठवायचं कारण म्हणजे आपल्याकडचे वेबिनार अजूनही गर्दीचाच आकडा मिरवतात. कॉलेजचा विभाग असो, क्लास असो की मित्रांचा ग्रुप, पोस्टरवर आणि नंतरच्या अहवालात एकच गोष्ट ठळक असते: किती जणांनी फॉर्म भरला. पण लॉकडाऊनमध्ये गुगल फॉर्म भरून ई-सर्टिफिकेटं गोळा केलेला प्रेक्षक आता शहाणा झालाय. तो लिंक उघडतो, दोन-चार मिनिटं ऐकतो आणि कंटाळा आला की रील्सकडे वळतो. त्यामुळे वेबिनार यशस्वी झाला का, हे ठरवायचं तर एकच प्रश्न विचारा: शेवटी किती जण होते आणि त्यांनी काय विचारलं?

लोक मधूनच का निघून जातात?

पहिलं कारण विषय. 'कॉमर्समधील करिअर संधी' हे नाव वाचून आपल्याला नक्की काय मिळणार, ते कळत नाही. त्याऐवजी 'बी.कॉम.नंतर पहिल्या मुलाखतीत काय विचारतात?' असं ठेवा. एका वेबिनारमध्ये एकाच प्रश्नाचं उत्तर मिळालं तरी खूप झालं.

दुसरं कारण स्क्रीन. वक्ता लॅपटॉपवर स्लाइड बनवतो, पण समोरचे बरेच जण ती फोनवर बघत असतात. म्हणून स्लाइड आधी स्वतःच्या फोनवर उघडा आणि फोन हातभर लांब धरा. वाचता आली नाही, तर अक्षरं मोठी करा आणि मजकूर निम्मा करा.

तिसरं कारण डेटा. व्हिडिओ ६०० केबीपीएस वेगाने येत असेल, तर तासाला साधारण २७० एमबी जातात. दिवसाला दीड जीबीचा पॅक असलेल्या मुलासाठी हे कमी नाही. त्यामुळे अध्यक्षांचं मनोगत, पाहुण्यांचा लांबलचक परिचय आणि आभारप्रदर्शन यांत २० मिनिटं गेली, तर प्रेक्षकाचा नुसता वेळ जात नाही, डेटाही जातो.

चौथं कारण विक्री. 'फ्री वेबिनार' म्हणून बोलवायचं, अर्धा तास मोठमोठी स्वप्नं दाखवायची आणि शेवटी 'फक्त आजच' म्हणत महागड्या कोर्सची लिंक टाकायची, ही पद्धत सगळ्यांना पाठ झालीय. शेअर बाजाराच्या क्लासमध्ये शिकवण्याच्या नावाखाली शेअरच्या टिप्स दिल्या जाऊ लागल्या, तेव्हा जानेवारी २०२५ मध्ये सेबीने रेष आखली: फक्त शिक्षण देत असाल, तर मागच्या तीन महिन्यांतले बाजारभाव वापरून शेअर्सबद्दल बोलता येणार नाही. वेबिनारमध्ये काही विकायचं असेल तर विका, पण ते पोस्टरवरच सांगा. लपवलेली विक्री एकदा पकडली गेली की पुढच्या वेळी लिंक कोणी उघडत नाही.

कोणतं अ‍ॅप घ्यायचं?

आधी एक फरक समजून घ्या. 'मीटिंग'मध्ये सगळे एकमेकांना दिसतात आणि बोलू शकतात. 'वेबिनार' मोडमध्ये प्रेक्षक फक्त बघतात-ऐकतात आणि प्रश्न लिहून पाठवतात. झूमचा वेबिनार मोड वेगळे पैसे भरून घ्यावा लागतो. त्यामुळे आपण ज्याला वेबिनार म्हणतो, ती बहुतेक वेळा मोठी मीटिंगच असते.

फुकटात काय मिळतं? झूमवर १०० जण आणि ४० मिनिटं. गुगल मीटवर १०० जण आणि तिघे किंवा त्याहून जास्त असाल तर साधारण एक तास. लोक याहून जास्त येणार असतील, तर यूट्यूब लाइव्ह बरं. तिथे संख्येची चिंता नाही आणि रेकॉर्डिंग आपोआप चॅनेलवर राहतं. पण दोन अटी विसरू नका. मोबाइलवरून लाइव्ह जायला चॅनेलला किमान ५० सबस्क्रायबर लागतात आणि पहिल्यांदा लाइव्ह सुरू करताना परवानगीला २४ तासांपर्यंत लागू शकतात. कार्यक्रमाच्या दिवशी सकाळी हे कळलं, तर डोक्याला हात लावून बसायची वेळ येते.

झूमची ४० मिनिटांची मर्यादा खरंतर वरदान समजा. ३ मिनिटं ओळख, २० मिनिटं विषय, १२ मिनिटं प्रश्न. ३५ मिनिटांत संपवा.

दार उघडं ठेवू नका

२०२० मध्ये 'झूमबॉम्बिंग' हा शब्द आला. सोशल मीडियावर टाकलेल्या लिंकवरून अनोळखी लोक मीटिंगमध्ये घुसून अश्लील चित्रं दाखवत होते. १६ एप्रिल २०२० ला भारताच्या गृह मंत्रालयाने झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली. त्याच महिन्यात झूमने पासवर्ड आणि वेटिंग रूम आपोआप चालू ठेवायला सुरुवात केली होती.

आजही हाच धडा लागू आहे. थेट लिंक इन्स्टाग्रामवर टाकू नका, नाव नोंदवलेल्यांनाच पाठवा. स्क्रीन शेअर फक्त होस्टकडे ठेवा. आत येणाऱ्यांचा माइक बंद ठेवा. आणि चॅट सांभाळायला एक वेगळा मित्र बसवा. वक्त्याने बोलता बोलता चॅट वाचायचं ठरवलं, की दोन्ही कामं बिघडतात.

प्लॅन बी कुठे आहे?

२४ मे २०२३ ला अमेरिकेत रॉन डीसँटिस यांनी राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारीची घोषणा ट्विटर स्पेसेसवर करायचं ठरवलं. सोबत खुद्द कंपनीचे मालक इलॉन मस्क होते. लाखो लोक आत आले आणि सगळं कोसळलं. २० मिनिटांहून जास्त वेळ गेला, मग दुसरी स्पेस उघडावी लागली आणि तिथे बरेच कमी लोक पोहोचले. मालक शेजारी असूनही हे घडतं, तर आपली काय कथा!

आपल्याकडचे धोके साधे आहेत. लाइट गेली की वायफाय जातं, म्हणून दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट तयार ठेवा. वक्ता फोनवरून बोलत असेल, तर मध्येच आलेला कॉल आवाज तोडतो. 'डू नॉट डिस्टर्ब' लावा, चार्जर जोडा. स्लाइडची एक प्रत मित्राकडेही असू द्या. पर्यायी लिंक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आधीच पाठवा. आणि आदल्या दिवशी त्याच जागेवरून, त्याच फोनवर १५ मिनिटांची तालीम घ्या.

फॉर्ममध्ये काय विचारताय?

नवी गोष्ट इथे आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. मुख्य जबाबदाऱ्या लागू व्हायला १८ महिन्यांची मुदत आहे, पण दिशा स्पष्ट आहे: माहिती कशासाठी घेताय ते सांगा, गरजेपुरतीच घ्या आणि संमती मागे घेणंही सोपं ठेवा. १८ वर्षांखालच्यांसाठी पालकांची संमती लागणार आहे. म्हणजे अकरावी-बारावीच्या मुलांसाठी कार्यक्रम करणाऱ्यांनी हे आत्ताच लक्षात घ्यावं.

लिंक पाठवायला ईमेल पुरतो. मग जन्मतारीख, पत्ता, पालकांचा नंबर कशाला? अशा फॉर्ममधले नंबर पुढे कुठे जातात, ते न विचारता येणाऱ्या कॉल्समुळे आपल्याला चांगलंच ठाऊक आहे. प्रेक्षक म्हणून तुम्हीही अशा फॉर्मपाशी थांबा आणि विचारा.

पुढचा वेबिनार घ्याल तेव्हा दोन आकडे लिहून ठेवा: दहाव्या मिनिटाला किती जण होते आणि शेवटच्या मिनिटाला किती. पहिल्याला ८० आणि शेवटी ६० असतील, तर ५०० फॉर्मवाल्या कार्यक्रमापेक्षा तुमचा कार्यक्रम भारी झाला. कारण त्या ६० जणांनी आपला वेळ आणि डेटा खर्च करून तुमचं ऐकलं. पुढच्या वेळी ते आपणहून येतील, आणि येताना एखादा मित्रही आणतील.