गटाराची साक्ष

रोमन लोक आडवे पडून जेवत, पोट भरलं की पिसाने घशाला गुदगुल्या करून ओकत आणि पुन्हा ताटावर येत. असं खाऊनपिऊन ते सुस्तावले, मग रानटी टोळ्या आल्या आणि साम्राज्य बुडालं. शाळेच्या तासापासून सिनेमापर्यंत सगळीकडे हीच गोष्ट. आपल्याकडच्या व्याख्यानमालांतही ती हमखास येते, कारण चंगळवादाला झोडपायला रोमइतकी सोयीची काठी दुसरी नाही. गोष्ट चटकदार आहे यात वाद नाही. तिचे साक्षीदार कोण, एवढंच कोणी विचारत नाही.

साक्षीदारांत तत्त्वज्ञ सेनेकाचं नाव आधी घेतलं जातं. श्रीमंतांच्या ओकण्याबद्दल त्याने खरोखरच लिहिलं आहे. पण कुठे? कॉर्सिका बेटावर हद्दपारी भोगत असताना आईच्या सांत्वनासाठी लिहिलेल्या निबंधात, गरिबीत वाईट असं काही नसतं हे पटवताना. पुढे हाच गृहस्थ रोममधल्या गडगंज माणसांत गणला गेला, हे सोडून देऊ. उपदेशकाला दुर्गुण ठळक रंगवावाच लागतो. ते चित्र शिरगणती म्हणून वाचायचं नसतं. पेत्रोनियसचं तर बोलायलाच नको. त्याच्या 'सातिरिकॉन' या कादंबरीतली त्रिमाल्कियोची मेजवानी, तिथले मधात घोळवून खसखस लावलेले डॉरमाउस नावाचे खारीसारखे छोटे प्राणी, ही सगळी गुलामीतून सुटून गबर झालेल्या एका माणसाची टर आहे. टर उडवण्यासाठी लिहिलेलं जेवण लोकांचं रोजचं जेवण मानणं म्हणजे लग्नाच्या केटररचं मेन्यूकार्ड वाचून मराठी घरातला मंगळवारचा स्वयंपाक सांगणं.

राहिला चरित्रकार स्वेतोनियस. वितेल्लियस बादशहाच्या एका थाळीत मोरांचे मेंदू आणि फ्लेमिंगोच्या जिभा होत्या, हे त्याने लिहिलं. वितेल्लियस इ. स. ६९ मध्ये जेमतेम आठ महिने गादीवर होता. त्याला मारून जे घराणं सत्तेवर आलं त्याच्या अमदानीत त्याची किती स्तुती होणार? गंमत अशी की हाच स्वेतोनियस ऑगस्टसबद्दल सांगतो की त्याला जाडाभरडा पाव, बारीक मासळी, ओलं चीज आणि हिरवे अंजीर आवडत. ऑगस्टसने चाळीस वर्षं राज्य केलं. पण जिभांची थाळी प्रत्येकाला ठाऊक, अंजीर कोणाच्या ध्यानात नाहीत.

ओकण्यासाठी घरात वेगळी खोली असे, हा तर निव्वळ गप्पांचा मामला. पॉम्पे आणि हर्क्युलेनियम या ज्वालामुखीने गाडलेल्या रोमन गावांत इतकी घरं उकरली गेली, एकातही ती सापडली नाही. जे नाव त्या खोलीला चिकटवलं जातं ते अ‍ॅम्फिथिएटरमधून गर्दी बाहेर पडण्याच्या वाटांचं आहे.

प्रतिपक्षाचं जे खरं आहे ते मान्य करायला हवं. डॉरमाउस श्रीमंत रोमन खरोखर खात; त्याला पुष्ट करायचे मातीचे रांजण सापडले आहेत. इ. स. पूर्व ११५ मध्ये स्कौरुस नावाच्या कॉन्सलने कायदा करून तो मेजवानीतून हद्दपार केला होता आणि लोकांनी तो कायदा खुशाल धाब्यावर बसवला. त्याआधी इ. स. पूर्व १६१ च्या फान्नियसच्या कायद्याने मेजवानीचा खर्च बांधून दिला होता. यावरून उधळपट्टी होती हे सिद्ध होतं. पण ती समाजाला खुपत होती आणि तिच्यावर कायदे करण्याइतकी ती मूठभरांची होती, हेही सिद्ध होतं. आणि खाण्याने साम्राज्य बुडालं म्हणणाऱ्यांनी जरा तारखा लावून पाहाव्यात. त्रिमाल्कियोची मेजवानी नीरोच्या काळातली. त्यानंतर पन्नासएक वर्षांनी, त्राजानच्या राज्यात, साम्राज्य सर्वांत मोठं झालं. पश्चिमेची गादी रिकामी झाली ४७६ मध्ये. हे अजीर्ण चारशे वर्षं रेंगाळलं म्हणायचं!

आता आमचा साक्षीदार. हर्क्युलेनियममध्ये कार्दो पाच नावाच्या रस्त्यालगत एक लांबलचक इमारत आहे. खाली दुकानं, वर भाड्याच्या खोल्या. बंगलेवाल्यांची ही वस्ती नव्हे. तिच्याखालच्या गटारात वरच्या बिऱ्हाडांचे संडास आणि चुलीपुढचा केर, दोन्ही पडत. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा उद्रेक झाला आणि ते जसंच्या तसं गाडलं गेलं. आपल्या काळात पुरातत्त्वाचे अभ्यासक अँड्र्यू वॉलेस-हॅड्रिल यांच्या प्रकल्पात तिथला मळ शेकडो पोत्यांत भरून बाहेर काढला गेला आणि चाळून पाहिला गेला. त्यात निघालं काय? अंजिराच्या बिया, द्राक्षांच्या बिया, ऑलिव्हच्या आठळ्या, अंड्यांची टरफलं, कोंबडीची हाडं, कितीतरी जातींच्या माशांचे काटे, सी अर्चिनची कवचं, खसखस, धणे, बडीशेप, शेपू. आणि काळी मिरी. ज्यांना वाङ्मयात कोणी विचारलं नाही अशा दुकानदार-भाडेकरूंचं हे जेवण. साधं आहे, पण कदान्न नाही. गटाराला कोणाला उपदेश करायचा नसतो आणि कोणाची टरही उडवायची नसते, म्हणून मला ते सेनेकापेक्षा अधिक विश्वासाचं वाटतं.

ही मिरी मलबारची. मोसमी वाऱ्यांवर स्वार होऊन मलबारच्या मुझिरिस बंदरातून जहाजं तांबड्या समुद्रात जात. तिथल्या बेरेनिके बंदरातल्या देवळात साडेसात किलो मिऱ्यांनी भरलेला भारतीय रांजण सापडला आहे. रोमन लेखक प्लिनी कुरकुरतो की लोक या तिखट दाण्यासाठी हिंदुस्थानापर्यंत जातात, आणि काळ्या मिरीचा भाव देतो: पौंडाला चार देनारियस. स्वस्त नव्हे, पण मूठभर घ्यायला परवडण्याजोगी. व्यापाराच्या याच ओघात आपला मुलूखही होता. १९३८ मध्ये पॉम्पेत जी हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली, तिच्या जातकुळीतल्या मूर्ती धाराशिवजवळच्या तेरला आणि जालना जिल्ह्यातल्या भोकरदनला मिळाल्या आहेत.

गटारावर विश्वास नसेल तर भिंत वाचा. पॉम्पेतल्या एका घराच्या भिंतीवर कोणीतरी रोजचा हिशेब खरडून ठेवला आहे. रक्कम आस या तांब्याच्या नाण्यात. असे सोळा आस म्हणजे एक देनारियस. चीज एक, पाव आठ, तेल तीन, दारू तीन. दुसऱ्या दिवशी पाव आठ, तेल पाच, कांदे पाच. पुढे कधी खजूर, कधी सॉसेज, कधी बारीक मासळी, आणि मध्येच एका आसचा धूप. मोर नाही, फ्लेमिंगो नाही. पाव मात्र जवळपास रोज. १८६२ मध्ये मोदेस्तुसच्या भट्टीत जळून कोळसा झालेले ८१ पाव सापडले. गोल, वरून आठ भागांत चिरलेले. रोमन माणसाचं जेवण म्हणजे आधी हा पाव, किंवा गव्हाची पेज, मग मसूर, हरभरा, बाकला, मग तेल, आणि चवीपुरतं गारुम, मासे मिठात मुरवून काढलेलं पाणी. गारुम म्हणजे सडके मासे, हीही एक आवडती थाप. मीठ भरपूर असलं की मासे सडत नाहीत, मुरतात. कोकणात हे कोणाला समजावून सांगावं लागणार नाही.

खादाडपणापेक्षा भुकेची भीती हा रोमचा खरा स्थायीभाव होता. गायस ग्राक्खुसने इ. स. पूर्व १२३ मध्ये नागरिकांना बांधील भावात धान्य द्यायचा कायदा केला. पुढे ते फुकट झालं आणि ऑगस्टसच्या वेळी सुमारे दोन लाख पुरुष त्याचे मानकरी होते. महिन्याला पाच मोदी, म्हणजे तेहेतीसएक किलो गहू. 'पाव आणि खेळ' म्हणत कवी ज्युव्हेनलने याच लोकांना टोमणा मारला आणि तो दोन हजार वर्षं टिकला. बायकोपोरं धरून एवढा गहू किती दिवस पुरायचा, याचा हिशेब टोमणा मारणाऱ्याने केला नाही. इजिप्तची जहाजं लांबली की रोममध्ये दंगे होत.

आता कलेकडे. १८३३ मध्ये रोमच्या अव्हेंटाइन टेकडीवर एक मोझेक निघालं, आता ते व्हॅटिकनच्या संग्रहालयात आहे. हेराक्लितुस नावाच्या कारागिराची त्यावर सही आहे. विषय काय, तर जेवणानंतरची न झाडलेली जमीन: माशांचे सांगाडे, खेकड्याच्या नांग्या, कोंबडीचे पाय, चेरी, आणि अक्रोड कुरतडणारा एक उंदीर. प्रत्येक वस्तूला तिची सावली. रोमन लोक उष्टं जमिनीवर फेकत, याचा पुरावा म्हणून हे चित्र दाखवलं जातं. त्यावर प्लिनीचीच दुसरी माहिती ठेवतो. हातून पडलेला घास पुन्हा ताटावर ठेवायचा, फुंकर मारून साफ करायचा नाही, आणि दोष जावा म्हणून तो गृहदेवतेपुढे, लारपुढे, जाळायचा, असा जुना आचार त्याने नोंदवला आहे. सांडलेल्या घासाकडे इतक्या धास्तीने पाहणारे लोक ते चित्र पायाखाली घालतात, तेव्हा त्यात नुसता माज दिसणं हा पाहणाऱ्याचा आळस आहे. मला त्यात चेष्टाही दिसते आणि धाकही. पॉम्पेत जेवणघराच्या जमिनीवर दोन्ही हातांत दारूचे चंबू घेतलेल्या सांगाड्याचं मोझेकही आढळलं आहे, तेही याच मनोवृत्तीचं.

लार घरोघर होता, स्वयंपाकघराच्या भिंतीत कोनाड्यात, खाली रंगवलेला नाग. भिंतीवरच्या हिशेबातला एका आसचा धूप बहुधा अशाच कोनाड्यासाठी असेल. मेमधल्या लेमुरियाच्या रात्री घरधनी अनवाणी उठायचा आणि काळे बाकले मागे टाकत, वळून न पाहता, नऊ वेळा मंत्र म्हणून पितरांच्या भुतांना घराबाहेर काढायचा. कवी ओव्हिदने हे सगळं नोंदलं आहे. जो दाणा पोटाला तोच भुतांना. ज्युपिटरच्या प्रमुख पुरोहिताला तर बाकल्याला हात लावायची किंवा त्याचं नाव घ्यायचीही बंदी होती.

एवढं मांडल्यावर दुसरा पक्ष टाळ्या पिटत येईल: म्हणजे ऑलिव्ह, मासे, कडधान्यं, किती छान, किती आरोग्यदायी जुनी माणसं! या लोकांना मी पहिल्यांइतकाच घाबरतो. त्याच भिंतीवरच्या हिशेबात 'गुलामासाठी पाव' अशी वेगळी नोंद आहे, बहुतेक वेळा दोन आसची. २०२३ मध्ये पॉम्पेत एक भट्टी उघडी पडली, तिच्या लहानशा खिडक्यांना लोखंडी गज होते आणि बाहेरच्या जगाकडे एकही दार नव्हतं. गाढवं आणि माणसं तिथे एकत्र कोंडून जातं फिरवत. हर्क्युलेनियमच्या किनाऱ्यावर मेलेल्यांची हाडं तपासली तेव्हा पुरुषांच्या पोटात मासे बायकांपेक्षा बरेच जास्त जात होते असं आढळलं; एकाच गावात, एकाच समुद्राकाठी. आणि केटोने आपल्या शेतीच्या पुस्तकात गुलामांचा शिधा ठरवून दिला आहे: साखळीतल्यांना हिवाळ्यात रोज चार पौंड पाव, द्राक्षमळ्याची खोदाई सुरू झाली की पाच, कोरड्यासाला झाडाखाली गळून पडलेले ऑलिव्ह, ते संपले की मासळीच्या रसाचा तळाशी राहिलेला गाळ आणि व्हिनेगर. 'रोमन आहार' विकायला काढणाऱ्यांनी हे पथ्यही छापावं.