एक पुस्तक, चार मतें

गेल्या महिन्यांत आमच्या यवतमाळच्या घरीं एका पुस्तकावरून चांगलेंच वादंग माजलें. धाकट्या नातवानें वाचनालयांतून कै. नारायण धारप यांची ‘शपथ’ ही कादंबरी आणिली व दोन दिवस जेवण्याखाण्याचें भान न ठेवितां ती वाचून काढिली. त्याच्यामागून ती घरांत हातोहात फिरली, आणि एकाच चुलीवर जेवणाऱ्या माणसांचीं चार मतें झालीं.

वहिनी म्हणाल्या, “रात्रीं न्हाणीघरांत जावयास भीति वाटावी, असलीं पुस्तकें मुलांच्या हातीं देऊं नयेत.” थोरले चिरंजीव म्हणाले, “हें आपलें नव्हेच. स्टीफन किंग या अमेरिकन लेखकाच्या १९८६ सालच्या कादंबरीवरून तें घेतलें आहे. उसन्या भांडवलाचें कौतुक कसलें?” सूनबाईंचा आक्षेप निराळा. शिकल्यासवरल्या लोकांच्या नांदत्या शहरांत असलें अमानुष अरिष्ट आणून बसविणें म्हणजे लोकभ्रमांस खतपाणी घालणें होय, असें त्यांचें म्हणणें. नातू मात्र एवढेंच म्हणाला, “आजोबा, राक्षस खोटा असेल, पण मित्रांना दिलेला शब्द तर खरा असतो ना?”

निवाड्यासाठीं सर्वांनीं मजकडे पाहिलें.

वाचकहो, अद्भुताचें आपणांस इतकें वावडें कां असावें? ज्या ‘कादंबरी’ शब्दानें आपण या वाङ्मयप्रकारास ओळखतों, तो बाणभट्टाच्या ग्रंथाच्या नांवावरून आला. आणि त्या ग्रंथांत कथा सांगतो कोण, तर एक पोपट! जन्मजन्मांतरें, शाप आणि गंधर्वकन्या यांच्या जोडीला उज्जयिनीसारखी गजबजलेली नगरीहि तेथें आहे. मराठींतहि हळबेशास्त्र्यांची ‘मुक्तामाला’ १८६१ मध्यें व रिसबुडांची ‘मंजुघोषा’ १८६८ मध्यें निघाली, तीं अद्भुतरम्यच होतीं.

चिरंजीवांच्या आक्षेपास उत्तर गुणाढ्याच्या बृहत्कथेंत सांपडतें. तो मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. क्षेमेंद्र, सोमदेव यांनीं संस्कृतांत आपापल्या परीनें ती कथा पुन्हा सांगितली, म्हणूनच ती आपणांपर्यंत पोंचली. कथा उसनी घेणें हा दोष नव्हे. ऋण मोकळेपणीं मान्य करावें, एवढेंच. सूनबाईंस माझें सांगणें असें कीं, वेताळाच्या गोष्टी ऐकून वाढलेला प्रत्येक मनुष्य कांहीं स्मशानांत वेताळ शोधीत फिरत नाहीं. वहिनींचें म्हणणें मात्र मला पुष्कळसें पटतें. सहा-सात वर्षांच्या मुलास हें पुस्तक देऊं नये. पंधराव्या वर्षीं अवश्य द्यावें.

बृहत्कथेसंबंधानें एक आख्यायिका आहे. गुणाढ्यानें सात लक्ष श्लोकांचा तो ग्रंथ प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या पैठणच्या, सातवाहन राजाकडे धाडिला. भाषा पैशाची आणि अक्षरें रक्तानें लिहिलेली, एवढें पाहूनच राजानें तो झिडकारिला. तेव्हां गुणाढ्य वनांत एकेक पान वाचून अग्नींत टाकूं लागला, आणि पशुपक्षी चारा सोडून साश्रु नयनांनीं ऐकत राहिले. राजा पश्चात्तापानें धांवत गेला, तों सहा लक्ष श्लोक जळून गेले होते.

ही गोष्ट मीं वर्गांत अनेक वेळां रंगवून सांगितली. पण तिचें मर्म मला फार उशिरां कळलें. सुमारें तीस वर्षांपूर्वीं एका विद्यार्थ्याच्या दप्तरांत मला धारपांचेंच दुसरें एक पुस्तक सांपडलें. एक पानहि न चाळतां मीं तें जप्त करून कपाटांत टाकिलें. मुलगा कांहीं बोलला नाहीं. परवां दत्त चौकांत तो भेटला. आतां त्याचें किराणा दुकान आहे. वांकून नमस्कार करून हंसत म्हणाला, “गुरुजी, त्या दिवसानंतर मीं वाचनालयाची पायरी चढलों नाहीं. त्या पुस्तकाचा शेवट काय होता हो?”

मला तो सांगतां आला नाहीं. पुस्तक मींहि वाचलें नव्हतें.

तेव्हां माझा निवाडा एवढाच: ज्यानें वाचलें, त्यानें खुशाल मत द्यावें, न वाचणाऱ्यानें देऊं नये. घरांत चार मतें झालीं, हें तर शुभचिन्हच होय, कारण चौघांनींहि पुस्तक वाचलें होतें. मींहि आतां तें जुनें पुस्तक वाचनालयांतून आणिलें आहे. वाचून झालें कीं शेवट न सांगतां पुस्तकच दुकानीं नेऊन देणार आहें.