न्यूसम, जातीचे नाव घ्यायला का कचरलात?

फेब्रुवारी २००४. गॅव्हिन न्यूसम सॅन फ्रान्सिस्कोचे महापौर होऊन जेमतेम महिना झाला होता. राज्याचा कायदा आड येत असतानाही त्यांनी समलिंगी जोडप्यांना विवाहाचे परवाने द्यायला लावले. या धाडसाने ते देशभर गाजले. २०१९ मध्ये ते कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले.

७ ऑक्टोबर २०२३ रोजी याच न्यूसम यांनी एसबी ४०३ हे विधेयक नकाराधिकार वापरून फेटाळले. जातिभेदाला नाव घेऊन बंदी घालणारे हे विधेयक आयेशा वहाब यांनी मांडले होते आणि दोन्ही सभागृहांनी मोठ्या बहुमताने मंजूर केले होते. त्यासाठी कार्यकर्ते उपोषणालाही बसले होते. कारण काय दिले? वंशावरून भेदभावाला आधीच बंदी आहे, त्यामुळे हा कायदा अनावश्यक!

आम्हाला हा युक्तिवाद मान्य नाही. भारतीय संविधानाच्या कलम १४ मध्ये समता होतीच. मग कलम १७ मध्ये अस्पृश्यता नाव घेऊन का नष्ट केली? कारण कायद्यात अन्यायाचे नाव नसेल, तर जात म्हणजे काय हे आधी पीडितानेच समजावून सांगायचे आणि मग न्याय मागायचा. संरक्षण आहेच म्हणता, तर ते स्पष्ट लिहिल्याने कोणाचे बिघडत होते? ज्यांना जात झाकून ठेवायची आहे, त्यांचेच.

२००४ मध्ये न्यूसम कायद्याच्या पुढे धावले. २०२३ मध्ये कायद्याआड लपले. म्हणून मित्रांनो, पुरोगामी म्हणवणाऱ्या प्रत्येक नेत्याला, मग तो तिथला असो वा इथला, आपण एकच विचारू : जातीचे नाव कायद्यात लिहिणार की नाही?

जयभीम!