पुळणीतली विहीर: खोली कमी, रिंगा आधी

मंडळी, मे महिना आला की आमच्या किनारपट्टीवर कोणी बोअरची गाडी बोलावतो, तर कोणी चार गडी लावून वाळूत सरळ खड्डा मारतो. माझ्या मते दोन्ही चूक.

आधी बोअरचं. पावसाचं गोडं पाणी वाळूत मुरतं आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगतं, कारण ते हलकं. ढोबळ हिशोब असा: गोड्या पाण्याची पातळी समुद्रापेक्षा १ फूट वर असेल, तर समुद्रपातळीच्या खाली साधारण ४० फूट गोडं पाणी. मग उपसून ती १ फुटाने उतरवली की खालचं खारं पाणी त्याच हिशोबाने वर सरकू लागतं. खोल बोअर आणि मोठा पंप म्हणजे खाऱ्याला आमंत्रणच. माड थोडंफार सोसतो, पण सुपारी, भाजी आणि पिण्याचं पाणी गेलं.

आता खड्ड्याचं. ओल्या वाळूची भिंत उभी दिसते, सुकली की बसते. आमच्या वाडीत असाच खड्डा ढासळला. गडी कमरेपर्यंतच गाडला गेला म्हणून वाचला. छातीपर्यंत वाळू आली असती तर श्वासही घेता आला नसता.

त्यापेक्षा सिमेंटच्या रिंगा घ्या. पहिली रिंग जमिनीवर ठेवायची, माणूस रिंगेच्या आत, वाळू चारी बाजूंनी सारखी काढायची. रिंग स्वतःच्या वजनाने खाली जाते, मग वर दुसरी. एकाच बाजूने उकराल तर रिंग तिरकी होऊन अडकते. काम मे महिन्यातच करा; तेव्हा पाणी सगळ्यात खाली असतं. पाणी लागल्यावर आणखी चार-पाच फूट पुरे. तळाला खडीचा थर द्या, म्हणजे वाळू वर उसळत नाही. शेवटची रिंग जमिनीच्या वर ठेवा आणि झाकण घाला. संडासाचा शोषखड्डा जितका लांब तितका बरा, वाळूत घाण लवकर पसरते.

पंप लहान लावा, थांबून थांबून चालवा. पाणी कमी पडलं तर खोल जाऊ नका, थोड्या अंतरावर दुसरी विहीर पाडा.

दोन रिंगांचे पैसे वाचवण्यासाठी माणूस उघड्या खड्ड्यात उतरवू नका, एवढंच सांगणं.

तुमच्याकडे मे महिन्यात कितव्या फुटाला पाणी लागतं? जरूर लिहा.