अंगातला सदरा आणि चुलीचा धूर



गाय रवंथ करायची थांबली की तुमच्या लगेच ध्यानात येते. मोठ्या गोठ्यांत आता हे काम गळ्यातला पट्टा करतो. रवंथ कमी झाली की मालकाच्या फोनवर खबर जाते. तसाच सदरा म्हाताऱ्या माणसांसाठी निघाला आहे. मी शेतीखात्याचा माणूस, डॉक्टर नव्हे. पण धडगावच्या पाड्यांवर या सदऱ्याबद्दल विचारणा झाली, म्हणून लिहितो.

गोष्ट तशी नवी नाही. अमेरिकेतील जॉर्जिया टेक या संस्थेत सुंदरेसन जयरामन या आपल्या देशातून गेलेल्या वस्त्रतज्ज्ञाने १९९६ मध्ये हे काम हाती घेतले. पैसा तिथल्या नौदलाचा. सैनिकाला गोळी कुठे लागली आणि त्याची प्रकृती कशी आहे, ते दुरून कळावे हा हेतू होता.

कापडात चांदीचा मुलामा दिलेला धागा असतो. हृदयाच्या ठोक्याबरोबर कातडीवर अगदी सूक्ष्म वीज उमटते, ती तो टिपतो. छातीवरचा पट्टा श्वासाबरोबर ताणतो, त्यावरून श्वास मोजतात. माणूस धाडकन पडला तर ते एक छोटी डबी ओळखते. डबी चार्ज करायची, धुताना काढून ठेवायची. मात्र सदरा अंगाला घट्ट हवा. जन्मभर सैल बंडीत वावरलेल्या आजोबांना वैशाखात तो सोसेल का? आजीच्या चोळीत हा धागा घातला तर बरे, ती मुळातच अंगाला बसते.

दोन वर्षांपूर्वी पौषात मी एका पाड्यावर हरभरा पाहायला गेलो होतो. इकडे घरे दाटीने नसतात. ज्याचे शेत तिथे त्याचे घर. एक आजी आदल्या संध्याकाळी पाणी आणताना घसरून पडली होती. खुब्याचे हाड मोडलेले, रात्र थंडीत काढलेली. सकाळी तिच्या चुलीचा धूर दिसेना, म्हणून वरच्या टेकडीवरची शेजारीण धावली. झोळी करून आजीला रस्त्यापर्यंत आणले.

मुलगा गुजरातेत ऊसतोडीला. होळीला आला तेव्हा त्याने विचारले, "साहेब, तो सदरा कितीला मिळतो?"

मी म्हटले, "सदऱ्याने खबर संध्याकाळीच दिली असती, हे खरे. पण पाड्यावर रेंज नाही. असती तरी खबर गेली असती तुझ्या फोनवर, उसाच्या फडात. इथे उठून कोण जाणार होते?"

तो गप्प राहिला. पुढच्या दिवाळीनंतर निघताना मात्र त्याने शेजारणीशी बोलून ठेवले: सकाळी धूर नाही दिसला तर आधी हाक, मग माणूस.

तुम्हीही घर सोडण्यापूर्वी एवढे ठरवा. रेंज कोणत्या टेकडीवर मिळते, तिथे पळत कोण जाईल, झोळीला चौघे कोण, हे नावानिशी ठरलेले असावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ लावायचा, हे पोरांनाही पाठ हवे. नाडी पाहायला शिका. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटे ठेवा, स्वतःचा अंगठा नको. त्याचीच नाडी लागते. घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजा. स्वस्थ बसलेल्या माणसाची साधारण ६० ते १०० भरते. फार वेगळी भरली किंवा ठोके चुकत असले तर दवाखान्यात न्या. छातीत दुखत असेल, दम लागत असेल, तर मोजत बसू नका.

पुढच्या अंकात आमचुराच्या फोडी वाळवताना काळ्या का पडतात ते पाहू.